चौथा भिडू व्हा: अमेरिकेत माहजाँगचं टेबल कसं मिळवायचं

माहजाँगचा ग्रुप शोधायला निघू नका, हे आधीच सांगतो. ग्रुप असतात, रगड असतात, पण ते भरलेले असतात. त्याच चौघी, तोच मंगळवार, तीच दुपार, आणि हे पंधरा-वीस वर्षं चाललेलं. त्यांना पाचवं माणूस नको असतं. त्यांना हवा असतो एखाद्या मंगळवारी अचानक लागणारा चौथा भिडू. एकीचं दाताचं काम निघालं किंवा एकीची नात तापली, की उरलेल्या तिघींचं अडतं. तिघांत हा खेळ ओढूनताणून होतो, त्यातला अर्धा रंग जातो. अशा दिवशी सकाळी नऊ वाजता ज्याला मेसेज येतो, तो माणूस व्हायचं. इथे त्याला 'सब' म्हणतात, म्हणजे सब्स्टिट्यूट, बदली खेळाडू. सबच्या यादीत एकदा नाव चढलं की टेबल मिळतं. उशिरा मिळेल, पण मिळतं.

मी न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीत राहतो. औषध कंपनीत क्वालिटीत होतो, आता निवृत्त. बायको अजून नोकरी करते, त्यामुळे सकाळी आठनंतर घरात मी आणि डिशवॉशर. टेबलावर बहुतेक वेळा मी एकटाच पुरुष असतो आणि एकटाच देशी. मंडळातले लोक 'तुम्ही ते बायकांचं काय खेळता' असं विचारतात, आणि दहा मिनिटांनी हळूच 'आम्हालाही शिकायचंय, कुठे जायचं' असंही विचारतात. हे त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी खेळ कोणता, ते पक्कं करा

कॉम्प्युटरवर रचलेल्या टाइल्समधून सारख्या दोन शोधून काढायच्या, तो हा खेळ नव्हे. तो एकट्याने वेळ घालवायचा प्रकार आहे, टाइल्स फक्त सारख्या दिसतात. खरा माहजाँग चौघांचा, रमीच्या जातीचा: टाइल उचला, एक टाका, हात जमवा. पण त्यातही घराणी आहेत. हाँगकाँगचं वेगळं, जपानी रीचीचं वेगळं, अमेरिकन वेगळं. अमेरिकेतल्या अमेरिकेतही ओहायोतल्या राइट-पॅटरसन हवाईतळावरच्या अधिकाऱ्यांच्या बायकांनी बसवलेले नियम वेगळे, आणि फौजी वसाहतींत अजून तेच चालतात. 'माहजाँग नाइट' एवढंच वाचून गाडी काढली आणि तिथे सगळे रीची खेळणारे विशीतले पोरगे निघाले, तर संध्याकाळ फुकट.

अमेरिकन प्रकार ओळखायच्या खुणा सोप्या. टाइल्स १५२. त्यात बॅम, क्रॅक आणि डॉट या तीन रंगांच्या १०८, वारे १६, ड्रॅगन १२, फुलं ८ आणि जोकर ८. जोकर हा अमेरिकन माहजाँगचा प्राण. दुसरी खूण म्हणजे प्रत्येकाच्या समोर उभं केलेलं घडीचं कार्ड. तिसरी म्हणजे डाव सुरू होण्याआधी टाइल्सची अदलाबदल, जिला चार्लस्टन म्हणतात. ही तिन्ही दिसली की तुम्ही योग्य खोलीत आहात.

आपल्यापैकी काहींना हा खेळ घरातून माहीत असतो, कारण भारतात नौदलाच्या आणि लष्कराच्या अधिकाऱ्यांच्या बायकांमध्ये माहजाँग चांगला रुजलेला आहे. माझी आत्या कुलाब्याला नेव्ही नगरात होती तेव्हा शिकली. तिच्या तोंडी पंग (तीन सारख्या टाइल्स), काँग (चार सारख्या), चाऊ (सलग तीन आकडे) हे शब्द सहज असायचे. तिने तिचा जुना सेट मला देऊ केला होता, लाकडी पेटीसकट. पेटी मी आनंदाने घेतली असती, पण तो सेट १४४ टाइल्सचा, जोकर एकही नाही. इथल्या टेबलावर त्याचा उपयोग नाही. शिवाय अमेरिकन खेळात चाऊ म्हणून सलग तीन आकडे उचलता येत नाहीत, त्यामुळे भारतात शिकून आलेल्या माणसाचा हात पहिल्या आठवड्यात सारखा चुकीच्या वेळी पुढे जातो. ज्यांची आई किंवा सासू तिकडे खेळलेली आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवा: टाइल्सची ओळख कामी येते, डाव बांधायची सवय मोडावी लागते.

कार्ड, आणि कार्डाच्या ऑर्डरी घेणारी बाई

न्यू यॉर्कमध्ये १९३७ साली काही बायका जमल्या, बहुतेक ज्यू, आणि त्यांनी नॅशनल माह जाँग लीग काढली. त्याआधी १९२०च्या दशकात जोसेफ बॅबकॉक नावाच्या स्टँडर्ड ऑइलच्या माणसाने हा खेळ चीनमधून अमेरिकेत आणला होता. त्याचं इथे वेड लागलं होतं, पण प्रत्येक घरचे नियम निराळे. लीगने ते एका कागदावर आणले. आजही लीग दर वर्षी वसंतात, साधारण एप्रिलच्या सुमारास, नवीन कार्ड काढते. त्या वर्षी कोणते हात लावले म्हणजे जिंकलं, ते त्यावर छापलेलं असतं. जुनं कार्ड त्या दिवशी बाद. बाजारात आता इतरांचीही कार्डं निघतात, पण टेबलावर कुणी नुसतं 'नॅशनल' म्हणालं की लीगचं कार्ड समजायचं.

कार्ड पंधरा डॉलरच्या आतबाहेर पडतं, मोठ्या अक्षरांचं एखाद डॉलरने महाग. मोठ्या अक्षरांचंच घ्या. साठीच्या पुढचे सगळे तेच घेतात, आणि ज्यांनी हट्टाने छोटं घेतलेलं असतं ते दुसऱ्याच्या कार्डात डोकावतात, ते कुणालाच आवडत नाही.

आता यातली गोम. कार्ड लीगकडून थेट मागवता येतं, पण पुष्कळ बायका ते सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, महिला मंडळामार्फत किंवा हडासासारख्या ज्यू महिलांच्या संस्थेमार्फत मागवतात. एकत्र ऑर्डर गेली की लीग त्या संस्थेला देणगी देते. म्हणजे प्रत्येक भागात एखादी बाई हिवाळ्यात, जानेवारीच्या सुमारास, नावं, पत्ते आणि चेक गोळा करत असते. तिच्याकडे त्या भागातल्या जवळपास सगळ्या माहजाँग खेळणाऱ्यांची यादी असते. कुणाच्या टेबलावर जागा आहे, कोण नवशिक्यांना सांभाळून घेतं, कुणाशी कुणाचं पटत नाही, हे सगळं तिला ठाऊक. फेसबुकवर महिनाभर विचारत बसण्यापेक्षा या बाईला एक फोन करा. जवळच्या सिनेगॉगच्या ऑफिसात फोन करून 'माहजाँगच्या कार्डाच्या ऑर्डरी कोण घेतं' एवढंच विचारायचं. मी तसंच केलं. तिने माझं कार्ड तर मागवलंच, शिवाय नाव नीट कसं लिहायचं ते विचारून घेतलं, आणि दोन आठवड्यांत एका टेबलाचा निरोप आला.

आपण ज्यू नाही, मग चालेल का, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. चालतं. ज्यू कम्युनिटी सेंटर, म्हणजे जेसीसी, तर सर्वांना सभासद करून घेतंच. सिनेगॉगमधल्या खेळालाही बाहेरच्यांना बहुतेक ठिकाणी मज्जाव नसतो, आधी विचारून जावं इतकंच. दोन गोष्टी मात्र पाळा. शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी फोन करू नका. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांचे मोठे सण असतात, तेव्हा आठवडेच्या आठवडे खेळ बंद राहतो, त्याचा राग मानू नका. दुसरं, घरून खायला नेऊ नका. तिथलं स्वयंपाकघर कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या खाण्याच्या नियमांनी चालणारं असतं, बाहेरचं घरी केलेलं आत चालत नाही. आपल्याला रिकाम्या हाताने जायचा संकोच वाटतो हे मला कळतं. फुलं न्या.

बाकीची ठिकाणं, माझ्या पसंतीच्या क्रमाने

सार्वजनिक ग्रंथालय सगळ्यात बरं. फुकट, उजेड चांगला, पार्किंग असतं, आणि पहिल्या भेटीला अनोळखी माणसाच्या घरी जावं लागत नाही. गूगलवर शोधून हे सापडत नाही. ग्रंथालयाच्या स्वतःच्या वेबसाइटवर कार्यक्रमांचं कॅलेंडर असतं, त्यात 'माहजाँग' घालून बघा. नाही सापडलं तर 'गेम्स' घाला. तरीही नाही तर काउंटरवर जाऊन विचारा, कारण कित्येक टेबलं खोली भाड्याने न घेता नुसती कोपऱ्यात बसतात आणि कॅलेंडरवर येतच नाहीत. आपल्याच गावचं ग्रंथालय पाहायचं असंही नाही. शेजारच्या तीन-चार गावांची कॅलेंडरं पाहा. स्पेलिंगकडे लक्ष द्या. लीग शेवटी दोन जी लावते, बाकीचे एक लावतात, काही मधे जागा सोडतात. शोधताना सगळी रूपं टाकून पाहा.

सीनियर सेंटर दुसरं. टाउनशिपचं असतं, त्या गावचे रहिवासी असावे लागतात, आणि वयाची अट बहुधा ५५ किंवा ६०. एकदा नाव नोंदवलं की आठवड्यातून एक-दोन दिवस ठरलेल्या वेळी टेबलं लागतात, आणि जो येईल त्याला बसवतात. या 'जो येईल त्याला'चं मोल फार आहे. नवीन माणसाला याहून सोपी जागा नाही.

जेसीसी आणि शाळांच्या प्रौढवर्गात शिकवण्या असतात. शिकवणी लावाच, आणि शिकवणाऱ्या बाईंपेक्षा बरोबरच्या विद्यार्थ्यांवर नजर ठेवा. शिकवणी संपते त्या दिवशी चार जणांनी फोन नंबर घेतले की टेबल तयार, आणि सगळेच सारखे कच्चे, म्हणून कुणी कुणाला घाई करत नाही. शेवटच्या तासाला थांबू नका, दुसऱ्या-तिसऱ्या तासालाच विचारा. शेवटच्या तासाला निम्मे येत नाहीत.

५५ वर्षांवरच्यांच्या वसाहती, जशा आमच्याकडे मन्रो टाउनशिपमध्ये भरपूर आहेत, ही माहजाँगची माहेरघरं. क्लबहाउसमध्ये दुपारी जाल तर टाइल्स घुसळण्याचा आवाज पार्किंगपर्यंत येतो. पण तिथे रहिवासी किंवा रहिवाशांचे पाहुणे एवढ्यांनाच प्रवेश. आता आपल्याकडचेही पुष्कळ लोक निवृत्तीनंतर तिकडे घरं घेतायत. ओळखीतल्या कुणाला तरी 'पाहुणा म्हणून ने' म्हणा.

मीटअप, फेसबुक, नेक्स्टडोअर यांचा उपयोग आहे, पण तो संध्याकाळच्या आणि तरुण गटांसाठी. गेल्या काही वर्षांत तिशी-चाळिशीतल्या बायकांमध्ये हा खेळ पुन्हा जोरात आलाय, त्या बारमध्ये, कॅफेत भेटतात. नोकरी करणाऱ्यांनी तिकडेच बघावं. ग्रंथालयाची आणि सीनियर सेंटरची टेबलं भर दुपारी असतात. मात्र कुणी पहिल्या दिवशीच घरी बोलावलं तर 'आधी ग्रंथालयात भेटू' म्हणा. चांगली माणसं याला वाईट मानत नाहीत.

एक वैताग सांगून टाकतो. जवळच्या एका क्लबने माझा अर्ज 'आमच्या बायकांना मोकळं वाटणार नाही' असं सांगून परत केला. वाद घालण्यात अर्थ नव्हता. पुरुष वाचकांनी एवढंच करावं: मेसेजमध्ये आधीच लिहावं की मी पुरुष आहे, चालेल का. ज्यांना चालत नाही ते तिथेच सांगतात आणि दोघांचाही वेळ वाचतो. ज्यांना चालतं त्या पुढे अजिबात भाव देत नाहीत, बाकीच्यांसारखंच झापतात.

जाण्याआधी काय विचारायचं

मी पाठवतो तो मेसेज असा असतो: 'नॅशनलच्या यंदाच्या कार्डावर खेळतो. नियम येतात, वेग मध्यम. दिवसा कधीही मोकळा आहे. तुमच्याकडे सब लागला तर कळवा.' इंग्रजीत लिहायचं, अर्थात. यात 'मला तुमच्या ग्रुपमध्ये घ्या' कुठेही नाही. सब म्हणून मागितलं की समोरच्याला नाही म्हणायचं कारण उरत नाही.

उत्तर आलं की चार गोष्टी विचारून घ्या. कार्ड कोणतं. सेट आणि रॅक (टाइल्स उभ्या लावायची पट्टी) त्यांचे की तुम्ही आणायचे. नवशिक्यांचं टेबल आहे की मुरलेल्यांचं. आणि पैसे.

पैशांचं सांगतो, कारण आपल्याकडे जुगार म्हटलं की भुवया वर जातात. कार्डावर प्रत्येक हातापुढे २५, ३०, ५० असे आकडे असतात, ते सेंट. कुणी जिंकलं की ज्याच्या टाकलेल्या टाइलवर जिंकलं त्याने दुप्पट द्यायचे, बाकीच्या दोघांनी एकपट. स्वतः उचललेल्या टाइलवर जिंकलं तर तिघांनीही दुप्पट. बहुतेक टेबलांवर 'पाय' ठरलेला असतो, म्हणजे दिवसाकाठी जास्तीत जास्त इतकेच हरायचे, पुष्कळदा पाच डॉलर. ते संपले की तुम्ही फुकट खेळता, जिंकलात तर घेता. ग्रंथालयात आणि बऱ्याच सीनियर सेंटरांत पैसे चालतच नाहीत. घरच्या टेबलावर जाताना क्वार्टर, डाइम, निकलची छोटी थैली बरोबर ठेवा. वीसची नोट काढणारा माणूस टेबलाला डोकेदुखी असतो.

पहिला दिवस

दहा मिनिटं आधी जा आणि वॉल लावायला हात लावा. प्रत्येकाने आपल्या रॅकपुढे १९ टाइल्सची दोन थरांची रांग लावायची, पालथ्या. ही रांग भराभर लावता आली की तुम्ही खेळलेले आहात हे न बोलता कळतं. ईस्टला, म्हणजे डाव सुरू करणाऱ्याला, १४ टाइल्स, बाकीच्यांना १३.

मग चार्लस्टन. नवा माणूस पहिल्या दिवशी अडखळतो तो इथेच, म्हणून जरा सविस्तर. नको असलेल्या तीन टाइल्स उजवीकडच्याला द्यायच्या, मग समोरच्याला, मग डावीकडच्याला. ही पहिली फेरी सक्तीची. दुसरी फेरी उलटी, डावी-समोर-उजवी, आणि ती चौघांपैकी एकाने जरी नको म्हटलं तरी होत नाही. शेवटी समोरच्याशी दोघांच्या संमतीने शून्य ते तीन टाइल्सची अदलाबदल, तिला कोर्टसी म्हणतात. जोकर कधीच द्यायचा नाही. पहिल्या फेरीच्या डावीला आणि दुसरीच्या उजवीला आपल्याकडे द्यायला तीन नसतील, तर आलेल्यांतल्या काही न बघता तशाच पुढे सरकवता येतात. हे सगळं मुरलेल्या बायका गप्पा मारत मारत मिनिट-दीड मिनिटात उरकतात. एक हात टाइल्स पुढे ढकलतोय, दुसरा आलेल्या उचलतोय, तोंडाने सुनेचं चाललंय. तुम्ही गप्पांत भाग घेऊ नका. मनात 'उजवी, समोर, डावी' म्हणत राहा. कुठली फेरी चाललीय हे विसरलात तर लगेच विचारा. चुकीच्या दिशेला टाइल्स गेल्या की अख्खा डाव पुन्हा मांडावा लागू शकतो.

कार्ड वाचायची सवय घरी करून जा. त्यावर निळा, लाल, हिरवा असे रंग असतात. तो रंग म्हणजे ठरावीक बॅम किंवा क्रॅक नव्हे. दोन रंगांच्या शाईत छापलंय म्हणजे बॅम, क्रॅक, डॉट यांतले दोन वेगवेगळे वापरा, कोणते ते तुमचं तुम्ही ठरवा. ड्रॅगन मात्र जोडीने बांधलेले आहेत: हिरवा बॅमचा, लाल क्रॅकचा, पांढरा डॉटचा. पांढऱ्याला सगळे 'सोप' म्हणतात, साबणाच्या वडीसारखा दिसतो म्हणून, आणि ज्या हातांत चालू सालाचे आकडे जमवायचे असतात त्यांत तोच शून्याचं काम करतो. हातापुढे एक्स असेल तर उघडा चालतो, म्हणजे दुसऱ्याने टाकलेली टाइल घेऊन गट समोर मांडता येतो, सी असेल तर शेवटपर्यंत झाकलेला. जोकर एकट्या टाइलच्या किंवा जोडीच्या जागी लागत नाही, तीन किंवा जास्तच्या गटातच लागतो. एवढं पाठ असेल तर पहिल्या दिवशी लाज जात नाही.

टाइल टाकताना मोठ्याने नाव घ्यायचं: 'फोर क्रॅक', 'सोप', 'नॉर्थ'. आपले उच्चार कळतील का ही भीती सोडा. आकडे आणि आठ-दहा शब्द, एवढीच टेबलाची भाषा आहे. माझ्या 'थ्री'ला पहिल्या दिवशी एकदा 'ट्री' ऐकलं गेलं, पुढे कुणी विचारलंही नाही. तुम्हाला हवी ती टाइल पडली तर पुढचीने उचलून रॅकवर ठेवायच्या आत 'कॉल' म्हणा. मनातल्या मनात विचार करत बसलात तर गेली.

खाण्याचं. घरच्या टेबलावर काहीतरी न्यायला हरकत नाही, पण चिवडा, चकली नेऊ नका. हळद आणि तेलाची बोटं पांढऱ्या टाइल्सवर उमटतात, आणि डाग पडलेली टाइल पालथी असतानाही ओळखू येते. म्हणजे तो सेट मेला. द्राक्षं, बदाम, फार तर कोरडी शंकरपाळी. शंकरपाळी आमच्या टेबलाला इतकी आवडते की आता दिवाळी कधी आहे ते त्याच मला विचारतात.

खेळ येत नसताना बघायला बसलात तर बोलू नका. एकाच बाजूला बसा, एकाच हातात बघा. दोन हात पाहिलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं.

सब म्हणून टिकायचं कसं

'येतो' म्हटलं की जायचं, पाऊस असो वा बर्फ. न जमल्यास आदल्या रात्री कळवायचं. वेग सांभाळायचा, हरणाऱ्याला कुणी काही म्हणत नाही, रेंगाळणाऱ्याला बोलवत नाहीत. वेग येण्यासाठी इंटरनेटवर खेळा. 'आय लव्ह माह्ज' आणि 'रिअल माह जाँग' या दोन्ही ठिकाणी थोडे पैसे भरून यंदाच्या कार्डावर खेळता येतं, माणसांशीही आणि कॉम्प्युटरशीही. मी रात्री जेवणानंतर तासभर तिथे असतो.

काही टेबलं मुद्दाम पाच जणांची असतात. तेव्हा एक जण आळीपाळीने बाहेर बसतो, सगळ्यांचे हात बघतो आणि चार्लस्टननंतर कोण जिंकेल यावर पैज लावतो. अशा टेबलावर जागा मिळाली तर सोडू नका. बाहेर बसून चौघांचे हात बघताना जेवढं शिकायला मिळतं तेवढं कुठल्याच वर्गात मिळत नाही.

वेळेचंही गणित आहे. आमच्या भागात नोव्हेंबर उजाडला की पांढरे केस फ्लोरिडाला निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. या चार-पाच महिन्यांत दर टेबलाला भगदाड पडतं. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कनेक्टिकटवाल्यांनी ऑक्टोबरातच 'मी हिवाळ्यात इथे आहे' असं सगळ्यांना कळवून ठेवावं. फ्लोरिडात राहणाऱ्यांनी याच्या उलट: तिकडे उन्हाळ्यात टेबलं ओस पडतात, तेव्हा जागा मिळते. शिकायची उत्तम वेळ एप्रिल, कारण नवीन कार्ड सगळ्यांनाच नवीन. तीस वर्षं खेळणारी बाईसुद्धा दोन-तीन आठवडे कार्डावर बोट ठेवून वाचत असते.

आई-बाबा आलेत तेव्हा

भारतातून सहा महिने आलेल्या आई-वडिलांसाठी ग्रंथालयातलं टेबल बघा. बहुतेक ठिकाणी गावचे रहिवासी असण्याची अट खेळाला नसते, पण फोन करून खात्री करा. रमी खेळलेल्या माणसाला टाइल टाकायची-उचलायची अक्कल लगेच येते. वेळ लागतो तो कार्ड वाचायला. पहिले दोन आठवडे घरी फक्त कार्ड घेऊन बसा, सेट नसला तरी चालेल. आणि पहिल्या दिवशी त्यांना सोडून निघून जाऊ नका, बाजूच्या खुर्चीत वाचत बसा.

काहीच नाही मिळालं तर

मग आपलं टेबल घाला. सेट घेताना एकच बघा: १५२ टाइल्स, आठ जोकर, आणि चार रॅक. चिनी दुकानातला स्वस्त सेट जोकरशिवायचा असतो. दुकानातल्या जोकरच्या स्टिकर्सवर विसंबू नका, ती चिकटवायला आठ जादा टाइल्स लागतात. ग्रंथालयाची खोली नोंदवायची तर बऱ्याच ठिकाणी कार्यक्रम सर्वांना खुला ठेवावा लागतो, ते आपल्या फायद्याचंच. मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर टाकलंत तर पंधरा अंगठे येतील आणि तिघं उगवतील. तिघं पुरतात, चौथे तुम्ही. पण तिघांपैकी निदान एकाला खेळ येत असला पाहिजे, नाहीतर दुपार नियमांवर भांडण्यात जाते. म्हणून आधी कुठेतरी सब व्हा, दोन-तीन महिने दुसऱ्यांच्या टेबलावर घासून घ्या, आणि मग आपलं घाला.

हे वाचताना हिवाळा असेल तर कार्डाची ऑर्डर घेणाऱ्या बाईला आजच फोन करा. शुक्रवार असेल तर संध्याकाळच्या आत.